धातुशास्त्राला येताय? आधी कोक समजून घ्या

मी मेटलर्जीला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या काकांनी विचारलं होतं, "म्हणजे लोखंड वितळवाचं शिकून राहिला का तू?" मी हो म्हणालो. नवीन मुलांशी बोलताना आजही मला हाच समज आढळतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हेमॅटाइट हे लोहखनिज नुसतं तापवून वितळवलं तरी लोखंड मिळत नाही. त्यातलं लोखंड ऑक्सिजनशी जखडलेलं असतं. तो ऑक्सिजन काढून घेणं हे खरं काम, वितळणं नंतरचं.

झोतभट्टीची, म्हणजे खनिजातून लोखंड काढायच्या उंच भट्टीची (ब्लास्ट फर्नेस), समीकरणं मी पाठ केली होती, मार्कही मिळाले. मग ट्रेनिंगला एका पोलाद कारखान्यात गेलो. तिथे भट्टीत खनिजासोबत कोक टाकतात, म्हणजे हवा न लागू देता तापवून कडक केलेला दगडी कोळसा. शिफ्टच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कोक कशाला टाकतो आपण?"

"उष्णतेसाठी, सर."

"मग सरळ दगडी कोळसाच का नाही टाकत?"

मला सांगता येईना. पुढचे दोन दिवस त्यांनी तेवढंच शिकवलं, आणि माझ्या मते चार वर्षांतलं ते सगळ्यात मोलाचं शिक्षण.

भट्टीत खालून टुयेरमधून, म्हणजे हवा फुंकायच्या नळ्यांमधून, तापलेली हवा शिरते. तिच्यासमोर कोक जळतो, तापमान 2000 अंशांच्या वर जातं. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा तापलेल्या कोकला भिडून कार्बन मोनॉक्साइड होतो. हा वायू वर चढतो, खनिज वरून खाली सरकत असतं, आणि वाटेत वायू त्यातला ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने ओढून घेतो. म्हणजे बरंचसं काम काहीही वितळण्याआधी, वरच्या भागातच होतं. खाली खनिज मऊ पडतं, चुनखडी खनिजातल्या सिलिकाला (वाळूसारख्या अशुद्धीला) घेऊन स्लॅग, म्हणजे मळी, बनते. त्या लगद्यात घट्ट उरतो फक्त कोक. वरचा सगळा भार तोच पेलतो आणि त्याच्या फटींतून वायूला वाट मिळते. कच्चा कोळसा तिथे चुरा होऊन भट्टीचा श्वासच कोंडेल. लोखंड कोकमधला साधारण 4 टक्के कार्बन शोषतं, म्हणून शुद्ध लोखंडाच्या 1538 ऐवजी 1150 अंशांच्या आसपासच वितळतं.

हे कळलं की आपल्या विदर्भाकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. उमरेड-सावनेरचा कोळसा वीजकेंद्रांना चालतो, पण झोतभट्टीजोगा कोक त्याचा होत नाही. जमशेटजी टाटांचा डोळा आधी चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजावर होता. तिथेही वरोऱ्याचा कोळसा या कामाला उतरला नाही. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांना मात्र असा कोळसा चालतो, कारण तिथे लोखंड वितळतच नाही. पारशिवनीजवळच्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची प्राचीन भट्टी सापडली आहे. तीही न वितळवताच लोखंड काढायची, लाकडी कोळशावर. सच्छिद्र गोळा निघायचा, तो ठोकून मळी काढायची.

अभ्यासाला बसलात की भट्टीचा उभा छेद स्वतः काढा, शेजारी तापमानं लिहा आणि प्रत्येक समीकरण त्याच्या उंचीवर मांडा. पुस्तकातली आकृती बघून हे डोक्यात बसत नाही.

ट्रेनिंगला जाताना सुती कपडेच घाला. सिंथेटिक कापड ठिणगीने अंगाला चिकटतं. आणि जो वायू लोखंड मोकळं करतो, त्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गॅस मॉनिटर वाजला तर कारण शोधत थांबू नका. वारा जिकडून येतोय तिकडे निघा, सोबतच्यालाही हाक मारा.