दोनशे मीटर फ्रीस्टाइल निवडण्यापूर्वी: बार्बोरा सेमानोवाच्या कारकिर्दीवरून काही सूचना

शिक्षणासाठी प्रागमध्ये आलेल्या आणि पोहणे सोडू न इच्छिणाऱ्या मराठी मुलामुलींना मी नेहमी सांगतो की, स्पर्धाप्रकार ठरवण्याआधी बार्बोरा सेमानोवाची वाटचाल वर्षांच्या हिशेबाने पाहून घ्यावी. 2000 साली जन्मलेली ही चेक जलतरणपटू 16व्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये उतरली. परंतु 50 मीटरच्या तलावातील युरोपियन सुवर्णपदक तिला मिळाले ते मे 2021 मध्ये, बुडापेस्टला. मधली वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही, कारण दोनशे मीटरसाठी लागणारा वेग आणि दमसास एकाच वर्षात येत नाहीत.

बुडापेस्टची ती अंतिम शर्यत नवख्यांनी आकड्यांतूनच वाचावी. सेमानोवाची वेळ 1:56.27, तर इटलीच्या फेदेरिका पेलेग्रिनीची 1:56.29. या वेगाने पोहणारी व्यक्ती दोन शतांश सेकंदांत जेमतेम साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे शेवटच्या हाताला भिंत लांबवर मिळाली की जवळ आली, एवढ्यावर पदकाचा रंग बदलू शकतो. आमच्यापैकी बहुतेकजण सरावात शेवटचे पाच मीटर अंग सैल सोडून भिंतीला हात लावतात. ही सवय शर्यतीच्या दिवशी अचानक सुटत नाही.

त्याच उन्हाळ्यात टोकियोच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत ती 1:55.45 वेळेसह सहावी आली. बुडापेस्टपेक्षा वेळ 0.82 सेकंदांनी चांगली, क्रमांक मात्र सहावा. म्हणून स्वतःची प्रगती क्रमांकावर मोजू नये, असे माझे ठाम मत आहे. टोकियोत प्राथमिक फेऱ्या संध्याकाळी, तर उपांत्य आणि अंतिम फेरी पुढच्या दोन दिवशी सकाळी होत्या. एकच शर्यत तीनदा, तीही बदलत्या वेळांना पोहावी लागत असेल, तर सरावही कधी पहाटे, कधी संध्याकाळी पूर्ण जोर लावून करायला हवा.

प्रागमधील पोडोलीचा 50 मीटरचा उघडा तलाव हिवाळ्यातही चालू असतो. गार हवेत पाण्यावर इतकी वाफ साचते की समोरची भिंत दिसत नाही, आणि तळावरची काळी रेघ संपून आडवी पट्टी आली की टंबल टर्नची (भिंतीजवळ पाण्यात कोलांटी घेऊन वळण्याची) तयारी करायची, हे आपोआप अंगवळणी पडते. 25 मीटरच्या तलावात वाढलेल्यांना इथे पहिले काही आठवडे जड जातात, कारण दोनशे मीटरमध्ये सातऐवजी तीनच टर्न मिळतात आणि भिंतीवरून मिळणारा फुकटचा वेग कमी होतो.

पैशांविषयीही थोडे सांगायला हवे. चेक व्यवस्थेत वरच्या पातळीच्या खेळाडूंना संरक्षण मंत्रालयाचे दुक्ला, गृह मंत्रालयाचे ऑलिम्प आणि शिक्षण मंत्रालयाचे व्हिक्टोरिया ही क्रीडाकेंद्रे आधार देतात. परदेशी विद्यार्थ्याने त्यांच्या भरवशावर बेत आखू नयेत. त्याच्यासाठी क्लब हेच दार आहे. नवा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणून आपल्या नोंदवलेल्या वेळा, त्या 25 मीटरच्या तलावातील की 50 मीटरच्या याच्या स्पष्ट उल्लेखासह, उन्हाळ्यातच प्रशिक्षकांना कळवून ठेवाव्यात.