लहानग्याच्या वाढदिवसाच्या भेटवस्तू कशा उघडाव्यात

दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्या भेटवस्तू पाहुण्यांसमोर उघडण्याचा आग्रह शक्यतो धरू नये. या वयात माझे-तुझे नुकतेच कळू लागलेले असल्याने प्रत्येक खोक्याभोवती मुलांची ओढाताण होते आणि उत्सवमूर्ती रडकुंडीला येते. भेटी आल्याबरोबर आतल्या खोलीत ठेवाव्यात आणि देणाऱ्याचे नाव वेष्टनावरच लिहावे, कारण कागद फाटल्यावर कोणी काय दिले हे कोणालाच आठवत नाही. एखाद्या आजीला आपली भेट डोळ्यांदेखत उघडलेली पाहायची असेल, तर तेवढी एक उघडावी.

उरलेल्या भेटी पुढच्या काही दिवसांत, मूल झोपून ताजेतवाने उठल्यावर, एकेक करून उघडाव्यात. चिकटपट्टीचे टोक आधीच सोडवून ठेवले, की कागद फाडण्याची मजा त्याला स्वतः घेता येते (पुष्कळदा खेळण्यापेक्षा कागदच अधिक आवडतो, त्याचे वाईट वाटून घेऊ नये). रिबिनी व प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र लगेच उचलाव्यात. बटणासारख्या चपट्या बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले आहे, याची खात्री केल्याशिवाय खेळणे हाती देऊ नये. गिळलेली अशी बॅटरी 2 तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा करू शकते.