दिवा बंदच, पण तक्रार ‘निकाली’? मग हे करा

गल्लीतला दिवा बंद आहे म्हणून पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकायची आणि दोन दिवसांनी मेसेज येतो, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आणि खाली बघावं तर अंधार तसाच. अशा वेळी परत परत तीच तक्रार टाकत बसू नका, ती परत तशीच बंद होते.

आधी खांबावर रंगवलेला नंबर बघा आणि तक्रारीत तोच टाका, नुसतं ‘मंदिरासमोर’ लिहिलं की वायरमन भलत्याच मंदिराकडे जाणार. (मुंबईत शहर भागात, म्हणजे उपनगरं सोडून, दिव्यांचं काम वीज पुरवणाऱ्या बेस्टकडे असतं, तिथे पालिकेच्या मागे लागून उपयोग नाही.) रात्री खांबाचा फोटो काढा, निकालीवाल्या मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा.

मग सरळ माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे रस्ते गटार सगळं एकात कोंबू नका. ‘दिवा का लागत नाही’ असं विचारायचं नाही, कागद मागायचा, म्हणजे तक्रार क्रमांक अमुक कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने बंद केली त्या नोंदीची प्रत द्या. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि अर्ज देताना आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी.