जुना एम५० की नवा आर५०? दोन कॅमेरे शेजारी ठेवून कसे पारखावेत

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कॅननचा २०१८ सालचा एम५० सेकंडहँड बाजारात बऱ्या किमतीत मिळतोय, तर २०२३ चा आर५० नवा कोरा, पण महाग. दोन्ही नवशिक्यांसाठी काढलेले, दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी म्हणजे मध्यम आकाराचा, एकाचा २४.१ मेगापिक्सेल, दुसऱ्याचा २४.२. वजनही जवळपास सारखंच, ३९० ग्रॅम आणि ३७५ ग्रॅम. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे? माहितीपत्रकातले आकडे वाचून याचं उत्तर मिळत नाही. दोन्ही कॅमेरे हातात घेऊन पारखले की मिळतं. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने सांगतो. सोनी किंवा फुजीची अशीच जुनी-नवी जोडी समोर असेल, तरी पद्धत हीच.

आधी स्वतःची यादी

दुकानात पाय ठेवण्यापूर्वी कागदावर लिहून काढा: येत्या वर्षभरात मी कशाकशाचे फोटो काढणार? ‘ट्रॅव्हल’, ‘पोर्ट्रेट’ असे मोघम शब्द नकोत. ‘मुलीचं शाळेतलं स्नेहसंमेलन, मागच्या रांगेतून’, ‘गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा’, ‘रविवारी शिवाजी पार्कावर क्रिकेट’, ‘घरातल्या ओट्यापाशी पाककृतींचे व्हिडिओ’ असं नेमकं लिहा. पुढची प्रत्येक चाचणी या यादीवरूनच ठरवायची आहे. यादीत व्हिडिओ नसेल, तर फोर-केवर वेळ घालवायचं कारण नाही. धावणारं मूल किंवा कुत्रा असेल, तर ऑटोफोकसची चाचणी सगळ्यात आधी.

दोन्ही कॅमेरे एका पातळीवर आणा

इथे बहुतेक जण घाई करतात. दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवून दोन फोटो काढतात आणि ‘हा जास्त उजळ येतो’ म्हणतात. तो फरक कॅमेऱ्याचा नसतो. दोघांनी वेगवेगळं एक्स्पोजर निवडलेलं असतं, एवढंच.

मॅन्युअल मोड लावा. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं, ते एफच्या आकड्यात) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) दोन्हीकडे एकच. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा समतोल) ऑटोवर नको, डेलाइट ठेवा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्स वेगळ्या आहेत हे विसरू नका: एम५० ची १५-४५ मिमी, एफ/३.५ पासून सुरू होणारी. आर५० ची १८-४५ मिमी, एफ/४.५ पासून. म्हणून दोन्ही लेन्स २४ मिमीच्या खुणेवर आणून एफ/८ ला ठेवा, म्हणजे लेन्सचा पक्षपात बराच कमी होतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे एकच लेन्स दोन्हींवर लावणं. घरी जुना कॅनन डीएसएलआर असेल, तर त्याची ५० मिमी एफ/१.८ किंवा १८-५५ लेन्स सोबत न्या. एम५० ला ईएफ-ईओएस एम अॅडॅप्टर (दुसऱ्या प्रकारची लेन्स जोडायची कडी) लागतो, आर५० ला ईएफ-ईओएस आर. कॅमेऱ्यांच्या दुकानात दोन्ही अॅडॅप्टर पाहायला मिळण्याची शक्यता असते, विचारून बघा. काच एकच असेल, तर उरलेला फरक बॉडीचा आहे हे खात्रीने म्हणता येतं.

मेमरी कार्ड स्वतःचं न्या आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने सफाई न केलेली मूळ फाइल) काढा. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) पुसतो, रंग चढवतो, आणि दोघांचे प्रोसेसर वेगळे आहेत. दोन्हींची रॉ फाइल सीआर३ प्रकारची असते, त्यामुळे घरी एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी उघडून पाहता येते.

फोटोचा दर्जा पाहा, पण त्यावर फार रेंगाळू नका

आयएसओ १००, १६००, ३२०० आणि ६४०० ला एकाच दृश्याचे फोटो काढा. त्या दृश्यात एक गडद कोपरा आणि एक बारीक पोत हवा. दादरचा फुलबाजार पहाटे यासाठी उत्तम जागा आहे. पुलाखाली दिव्यांचा उजेड, मागे अंधार, आणि समोर झेंडूचे ढीग. झेंडूचा केशरी रंग कॅमेऱ्याला अवघड जातो, कारण त्यात लाल चॅनल सगळ्यात आधी भरून वाहतो. एकूण फोटो नीट दिसतो, पण पाकळ्यांच्या कडा एकमेकींत विरघळून नुसता केशरी गोळा उरतो. फोटो पाहताना आरजीबी हिस्टोग्राम उघडा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करून पुन्हा काढा. विक्रेत्यांना विचारून, वाट न अडवता काढा. पहाटेची त्यांची गडबड मोठी असते.

घरी आल्यावर पूर्ण आकारात पाहा. तुम्हाला फरक शोधावा लागेल. ६४०० ला सावल्या उजळ करून पाहिल्यात तर थोडंफार दिसेल, पण छापलेल्या फोटोत किंवा मोबाइलच्या पडद्यावर कोणता फोटो कोणाचा हे सांगणं कठीण आहे. पाच वर्षांनी नवा कॅमेरा म्हणून फोटो पाच वर्षांनी सुंदर येत नाही. फक्त निवांत, स्थिर विषय टिपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: एम५० आजही अत्यंत सक्षम आहे. पैशांचा फरक पुढच्या दोन चाचण्यांत दिसतो.

चालत येणारा माणूस

सोबत आलेल्या मित्राला दहा-बारा पावलांवर उभं करा आणि नेहमीच्या चालीने तुमच्याकडे यायला सांगा. कॅमेरा सर्वो फोकसवर (हलत्या विषयावर फोकस सतत साधत राहणारा), सलग फोटो, अॅपर्चर शक्य तितकं उघडं. पुन्हा एकदा, या वेळी त्याला चालताना मान वळवायला सांगा. तिसऱ्यांदा मध्येच कोणीतरी आडवं जाऊ द्या. मुंबईच्या फुटपाथवर त्यासाठी वेगळा माणूस शोधावा लागत नाही.

मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून डोळ्याकडे पाहा. पापण्यांचे केस सुटे दिसतात का? की डोळा मऊ आणि कानाची पाळी मात्र लख्ख? दुसरं दिसलं तर फोकस चेहऱ्यावर आहे, डोळ्यावर नाही. दोन्ही कॅमेऱ्यांच्या सलग फोटोंतले पापणीपर्यंत धारदार आलेले किती, हे मोजून लिहा.

एम५० बाजारात आला तेव्हा त्यातली डोळा ओळखण्याची सोय वन-शॉट फोकसपुरती होती, म्हणजे स्थिर माणसासाठी. हलत्या विषयावर ती सोय २०२० च्या एम५० मार्क २ मध्ये आली. त्यामुळे सेकंडहँड घेताना बॉडीवर ‘मार्क २’ लिहिलंय का हे जरूर पाहा. आर५० ची फोकस यंत्रणा याच्या पुढची पिढी आहे. ती माणूस, प्राणी आणि वाहन ओळखते, मान वळली तर डोक्याला धरून राहते आणि चेहरा परत दिसला की डोळ्यावर येते. यादीत लहान मूल, मांजर किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले पक्षी असतील, तर माझ्या मते निर्णय इथेच होतो.

वेगही पाहून घ्या. फोकस साधत राहताना एम५० सेकंदाला साधारण ७ फोटो काढतो, आर५० १२. इलेक्ट्रॉनिक शटरवर आर५० १५ पर्यंत जातो, पण त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. सुटलेली लोकल त्या शटरवर टिपलीत, तर डब्याचे उभे दांडे तिरके दिसतील. हा दोष नाही, त्या पद्धतीची मर्यादा आहे. नाटकात किंवा गाण्याच्या मैफलीत आवाज नको असतो तेव्हा हेच शटर उपयोगी पडतं.

व्हिडिओ: हात लांब करून पाहा

फोर-के दोन्हींवर लिहिलेलं आहे, पण ते एकच फोर-के नव्हे. एम५० फोर-के घेताना सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो, त्यामुळे चित्र आणखी १.५६ पट कापलं जातं. हिशेब करून पाहा. १५ मिमीची लेन्स कॅननच्या एपीएस-सीवर १.६ ने गुणली की फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) २४ मिमीसारखी दिसते. त्याला पुन्हा १.५६ ने गुणलं की सुमारे ३७. आर५० सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो, म्हणून त्याची १८ मिमी सुमारे २९ सारखी दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत हा फरक फार मोठा आहे. कॅमेरा हात लांब करून स्वतःकडे धरा: एम५० च्या फोर-केमध्ये चेहराच चौकट भरून टाकतो, आर५० मध्ये खांदे आणि मागचं कपाट दोन्ही येतात. त्यात एम५० च्या फोर-केमध्ये ड्युअल पिक्सेल फोकस (कॅननची वेगवान फोकस पद्धत) चालत नाही, त्यामुळे फोकस मागेपुढे करत चाचपडतो.

फुल एचडीमध्ये मात्र एम५० चांगला आहे. फोकस नीट चालतो आणि चित्र कापलं जात नाही. तुमचे व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवरच जाणार असतील, तर एवढं पुरेसं आहे. स्नेहसंमेलन अख्खं चित्रित करायचं असेल, तर एम५० २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतो, आर५० एक तासाने.

सेन्सर हलवून कंप आवरण्याची सोय दोघांतही नाही. चालत व्हिडिओ काढून पाहा आणि लेन्सचा स्टॅबिलायझर कितपत सावरतो ते बघा. डिजिटल स्टॅबिलायझर लावला की चित्र आणखी कापलं जातं.

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली व्हिडिओवर पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेरा खराब समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मेनूत पाल (५० हर्ट्झच्या देशांची व्हिडिओ पद्धत) निवडा, २५ फ्रेम ठेवा, शटर १/५० करा. बहुतेक पट्टे जातात. दोन्ही कॅमेऱ्यांवर हे करूनच व्हिडिओची तुलना करा.

माउंट: पाच वर्षांनंतरचा खर्च

बॉडी बदलते, लेन्स राहतात. म्हणून ही पायरी किमतीच्या आधी.

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते ती जागा. एम५० चा माउंट ईएफ-एम. एम५० मार्क २ नंतर या माउंटवर नवा कॅमेरा आला नाही आणि कॅननने पुढचं सगळं काम आरएफ माउंटकडे वळवलं. ईएफ-एम लेन्स आर मालिकेच्या कॅमेऱ्यावर लावायला कॅननचा अॅडॅप्टर नाही. आरएफमध्ये लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर २० मिमी, ईएफ-एममध्ये १८, त्यामुळे अॅडॅप्टरला जागाच उरत नाही. म्हणजे आज एम५० घेतलात तर त्याच्या लेन्स त्याच्यासोबतच राहतील, पुढे जाणार नाहीत.

तरीही हा माउंट सोडून देण्यासारखा नाही. ईएफ-एम २२ मिमी एफ/२ ही चपटी, छोटी लेन्स लावली की कॅमेरा खांद्यावरच्या साध्या पिशवीत मावतो, आणि गर्दीच्या लोकलमध्ये तो मावणं महत्त्वाचं असतं. सिग्माच्या १६, ३० आणि ५६ मिमी एफ/१.४ लेन्सही या माउंटवर मिळतात. एक किट लेन्स आणि एक २२ मिमी, एवढ्यावर तुमचं काम भागणार असेल, तर बंद झालेला माउंट तुम्हाला अडवत नाही.

आरएफवर सुरुवातीला एपीएस-सी लेन्सची टंचाई होती. २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉननेही या माउंटसाठी एपीएस-सी लेन्स आणल्या, आणि सिग्माची १८-५० एफ/२.८ ही आर५० वर कायम लावून ठेवावी अशी लेन्स आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. घरी जुना फ्लॅश किंवा फ्लॅश ट्रिगर पडलेला असेल, तर आर५० वर तो थेट लागत नाही; त्याच्या शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत, एडी-ई१ अॅडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. एम५० ला नेहमीचाच शू आहे.

जुनी वस्तू तपासताना

फोर्टात बोरा बाजारच्या परिसरात कॅमेऱ्यांची दुकानं जवळजवळ आहेत, तिथे नवं आणि जुनं एकाच फेरीत पाहता येतं. दिवसाउजेडी जा आणि एक छोटी टॉर्च न्या.

लेन्स काढून टॉर्च एका बाजूने तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी हाच मोठा शत्रू. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी नको. धुळीचे दोन-चार कण चालतात. मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. तेच काळे ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसत असतील तर सेन्सर साफ करावा लागणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. एम५० चा पडदा पूर्ण बाहेर काढून सावकाश फिरवा. एखाद्या कोनात चित्र लुकलुकलं, तर आतली पट्टी दुखावली आहे. माइकच्या छिद्रात माइक लावून दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका.

चार्जर सोबत मिळतोय का, हे विचारल्याशिवाय उठू नका. एम५० यूएसबीने चार्ज होत नाही, आर५० यूएसबी-सीने होतो. एम५० ची बॅटरी नवी असतानाही प्रमाणित मोजणीनुसार सुमारे २३५ फोटोंची होती, त्यामुळे जुन्या बॅटरीवर विसंबू नका. दुसऱ्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. बिलावरचा सिरियल नंबर आणि बॉडीखालचा नंबर एकच हवा. नव्या आर५० चंही पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी पाहा. बिनबिलाचा माल स्वस्त मिळतो, पण दुरुस्तीच्या वेळी कोणी दारात उभं करत नाही.

आता हिशेब

एम५० च्या रकमेत दुसरी बॅटरी, कार्ड, सेन्सरची सफाई आणि हवी ती एक लेन्स मिळवा. आर५० च्या रकमेत कार्ड आणि लागलाच तर अॅडॅप्टर. मग यादी समोर ठेवून पाहा, किती ओळी फोकसच्या आणि व्हिडिओच्या चाचणीवर अवलंबून होत्या. निम्म्याहून जास्त असतील तर आर५० साठी दोन महिने थांबून पैसे जमवा, एम५० वर अर्धवट समाधान मानू नका. यादीत देवळं, रस्ते, घरातली माणसं आणि सणावारांचे निवांत फोटोच असतील, तर एम५० घ्या आणि वाचलेल्या पैशांत २२ मिमी एफ/२ घ्या. त्या लेन्सचा फरक फोटोत दिसेल, नव्या बॉडीचा दिसणार नाही. दोन्हींच्या एकूण रकमेत मोठं अंतर उरत नसेल, तर जुनं घेण्यात अर्थ नाही.

घेतलेला कॅमेरा पहिल्या पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायला लागा. लेदरच्या केसमध्ये कपाटात कोंडून नको, चामडं ओल धरतं. रंग बदलणाऱ्या पुड्या घ्या, म्हणजे त्या कधी बदलायच्या हे लगेच कळतं. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.