स्वतःशी मायेनं वागायला निघालात? मग या चुका टाळा

नागपुरात समुपदेशनाचं काम करताना एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्यानं खुर्ची ओढली की पुढचं मीच म्हणून टाकावं असं वाटतं: ‘मॅडम, ते स्वतःवर प्रेम करून पाहिलं, पण काही होऊन नाही राहिलं.’ नेमकं काय केलं म्हणून विचारावं, तर कुणी रात्री साडेबाराला रील पाहून आरशासमोर उभं राहिलेलं असतं, कुणी ॲप टाकून आठवड्याच्या आत काढून टाकलेलं असतं. चुका त्याच त्या. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी मूळ गोष्ट. टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वकरुणेची जी मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत. चुकलं-फसलं तर झोडपण्याऐवजी स्वतःला समजून घ्यायचं. हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही, माणसाचं असं होतं, हे ध्यानात ठेवायचं. आणि जे दुखतंय ते दाबायचंही नाही, घोळत बसायचंही नाही, आहे तेवढंच पाहायचं. नेफ यांना ही वाट बौद्ध ध्यानसाधनेतून सापडली. त्यामुळे दीक्षाभूमीच्या गावातला माणूस ‘हे अमेरिकेचं फॅड आहे’ म्हणतो तेव्हा मला गंमत वाटते. इथल्या कितीतरी विहारांत मेत्ता भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणारं ध्यान, होते, आणि परंपरेनं तिची सुरुवात स्वतःपासून असते. मी सुखी होवो. मग जिवलग, मग अनोळखी, मग ज्याच्याशी वैर आहे तोही. आपण पहिली पायरी गाळतो आणि थेट जगाचं भलं करायला निघतो.

वही, रकाने आणि लाल शाई

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते.

नंदनवनकडची एक ताई. एका पतसंस्थेत कॅशवर बसायची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि तिला विचारूनच लिहितेय.) पहिल्याच भेटीत तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, काय चुकलं, स्वतःशी काय बोलले, दहापैकी गुण. एका संध्याकाळी तिची कॅश पाचशेनं कमी आली होती. मोजून मोजून जीव गेला, शेवटी नोट दुसऱ्याच गड्डीत सापडली. तोवर शटर ओढायची वेळ टळून गेलेली, बाहेर साहेब किल्ल्या वाजवत उभे. त्या दिवशीची वहीतली नोंद अशी: ‘स्वतःला समजावलं, पण मनापासून नाही. १० पैकी ३.’ खाली लाल शाईनं, दोनदा अधोरेखित: ‘इतकं साधं जमत नाही तुला? लाज वाटू दे.’

करुणेच्या वहीत शिवी! मी ते पान तिच्याकडे वळवलं आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. अर्ध्यावर थांबली. मग म्हणाली, ‘पण मॅडम, गुण नाही दिले तर सुधारणा कशी कळणार?’

हुशार, काटेकोर माणसं हमखास इथंच घसरतात. शाळेपासून ज्यांना गुणांशिवाय स्वतःकडे बघताच येत नाही, ती करुणेचाही पेपर सोडवायला बसतात. आधी चुकीबद्दल बोलणी खायची, मग स्वतःला बोललो म्हणून आणखी बोलणी खायची. मला विचाराल तर रोजचे गुण, सलग किती दिवस जमलं त्याचे आकडे, ॲपमधल्या ठिणग्या-बिणग्या, सगळं पहिल्याच दिवशी बंद करा.

वही मिटवून मी तिला एवढंच विचारलं: तुझ्या धाकट्या बहिणीची कॅश कमी आली असती आणि तिनं रडत फोन केला असता, तर काय म्हणाली असतीस? उत्तर तयारच होतं. ‘होते बाई असं. दमली तू. पाणी पी आधी, मग मोज.’

बस, हेच वाक्य. याच शब्दांत, याच आवाजात. ‘मी जशी आहे तशी परिपूर्ण आहे’ असली वाक्यं पाठ करून उपयोग नसतो, मन लगेच वाद घालायला उभं राहतं. घरच्यांना ज्या बोलीत जीव लावता, त्याच बोलीत स्वतःशी बोला. आणि हे दिवसभर करत बसायचं नसतं. चूक झाल्यावरचं पहिलं मिनिट सांभाळलं तरी पुष्कळ आहे. माझी सवय अशी: छातीवर हात ठेवायचा, एक श्वास सावकाश सोडायचा, वाक्य म्हणायचं, कामाला लागायचं. ऑफिसात छातीवर हात ठेवायची लाज वाटते, वाटणारच. तर मग एका हातानं दुसरा दंड धरा, शेजारच्या टेबलालाही कळत नाही. त्या वहीची मागची कोरी पानं ताईच्या भाचीनं गणितासाठी नेली, एवढंच काय ते तिचं सार्थक.

‘मग मी आळशी होईन ना!’

डॉक्टरकीच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोरांचे आईबाप हे मला ठासून सांगतात: ‘शिव्या नाही दिल्या तर हा अभ्यासाले बसतच नाही.’ पोरगं पुढे तेच स्वतःच्या बाबतीत करायला लागतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रयोग छापले. त्यातल्या एकात विद्यार्थ्यांना शब्दांची मुद्दाम अवघड परीक्षा दिली. फजिती झाल्यावर ज्यांना स्वतःशी समजुतीनं वागायला सुचवलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीला जास्त वेळ दिला. नापास होण्याची भीती कमी असली की पुस्तक उघडायला हात धजावतो, यात नवल ते काय?

स्वतःला शिव्या घातल्या की काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढाच त्यांचा उपयोग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत नागपुरात मारबत, म्हणजे सगळ्या वाईटाचा पुतळा, मिरवणुकीनं निघते, शेवटी जळते, लोक घरी जाऊन जेवतात. मनातली मारबत मात्र रोज रात्री दिवा मालवला की निघते, सगळ्या गल्ल्या फिरते आणि कधी जळतच नाही.

दुसऱ्या टोकाचेही भेटतात. ‘सेल्फ-केअर’ म्हणून विजेचं बिल न भरता दुपारभर लोळणाऱ्यांना मी सांगते, की उद्या दंड भरणारा माणूसही तुम्हीच आहात, त्याच्यावरही थोडी दया करा.

रडू आलं म्हणून सोडून देणं

वर्षानुवर्षं स्वतःशी कडक वागलेला माणूस पहिल्यांदा दोन मऊ शब्द बोलतो आणि एकदम भरून येतं. जुने अपमान, जुनी दुखणी, सगळं वर येतं. लोक घाबरतात: ‘हे तर उलटंच झालं.’ उलटं काही झालेलं नसतं. नेफ आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर गर्मर हा अनुभव शिकवतानाच सांगून ठेवतात, इतका तो नेहमीचा आहे. अशा वेळी जोर लावू नका. डोळे उघडा, चप्पल काढून दोन्ही तळवे फरशीला टेकवा, फरशीचा गारवा जाणवू द्या. तोंड धुवा, कुंडीला पाणी घाला. उरलेलं उद्या. लहानपणी मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्यांनी मात्र हे एकट्यानं न करता जाणकार समुपदेशकासोबतच करावं.

आणि चौथ्या दिवशी ‘किती फरक पडला’ याचा हिशेब मागणाऱ्यांना: या दोघांनी बेतलेला रीतसर अभ्यासक्रमच आठ आठवड्यांचा आहे.

उन्हाचा राग स्वभावावर काढणं

मे महिन्यात माझ्याकडे ‘मी फार चिडकी झालेय’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. बाहेर पारा ४५ ला टेकलेला, रात्री तीनला कूलरमधलं पाणी संपलेलं, ते भरायला कोण उठणार यावरून नवरा-बायकोत अबोला. सकाळी पोराच्या पाठीत धपाटा बसतो आणि दुपारभर ‘मी वाईट आई’ चालू. अहो, झोप किती झाली? पाणी किती प्यायलात? जेवलात का? स्वभावाची चिरफाड करण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. पोराची माफी मागा, ती मागायलाच हवी, आणि मग कूलरची टाकी झोपायच्या आधी भरायचं कुणाकडे ते ठरवून टाका.

बाकीच्या किरकोळ चुका. ‘लोकांना याहून मोठी दुःखं आहेत’ म्हणून आपलं दुखणं रद्द करू नका, दुसऱ्याचा पाय मोडल्यानं आपली ठेच बरी होत नाही. ऐन भांडणात नवऱ्याला ‘तू स्वतःशी दयेनं वाग’ असं सुनावू नका. रात्री अंथरुणात मनःशांतीचे व्हिडिओ बघत जागू नका.

शेवटची चूक मात्र किरकोळ नाही: उपचारांच्या जागी हे वापरणं. दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन बहुतेक वेळ उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक-काम सगळंच बिघडलं असेल, तर छातीवर हात ठेवून भागणार नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. ‘कुणी पाहिलं तर’ म्हणून महिनोन्‌महिने टाळणारे बघून माझं डोकं फिरतं. त्या रांगेत तुम्हाला भेटणारा ओळखीचाही त्याच कामासाठी आलेला असतो. आणि ध्यान जमायला लागलं म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं सोडू नका. कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांनाच विचारा.