डॉक्टरांकडून जेनेरिक औषध लिहून घ्यायचंय? मग असं विचारा

आईची बीपी-शुगरची औषधं दर महिन्याला मीच आणते, आणि सुरुवातीला मी पण सगळ्यांसारखंच केलं, चिठ्ठी घेऊन थेट जनऔषधीत गेले, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात (जेनेरिक म्हणजे तेच औषध, पण ब्रँडच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने). तिथल्या माणसाने हात वर केले. बरोबरच होतं त्याचं, कारण चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर मेडिकलवाल्याला आपल्या मनाने दुसऱ्या कंपनीची गोळी देता येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणजे जे काय बोलायचं ते डॉक्टरांच्या केबिनमध्येच बोलायला हवं.

जायच्या आधी घरातल्या स्ट्रिपवरचं कंटेंट, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाचं नाव, वहीत उतरवून घ्या, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५०० एसआर असं. एसआर, एक्सआर विसरू नका, ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, साधी घेऊन चालत नाही. मग जनऔषधी सुगम ॲपवर ते औषध आणि किंमत बघा.

आता विचारायचं कसं? "स्वस्तातलं लिहून द्या" असं नको. "डॉक्टर, कंटेंटचं नाव पण लिहाल का, जनऔषधीतून घेतलं तर चालेल का?" असं विचारा. डॉक्टर कचरतात ते सगळे कमिशनसाठीच असं समजू नका हो. २००२ च्या नियमात शक्यतो जेनेरिक नावाने लिहा असं होतंच, ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने ते सक्तीचं केलं आणि त्याच महिन्यात स्थगित पण केलं, कारण डॉक्टरांचं म्हणणं होतं की आम्ही नुसतं कंटेंटचं नाव लिहिलं तर कंपनी मेडिकलवाला ठरवणार, जिच्यात मार्जिन जास्त ती, आणि पेशंटला गुण नाही आला तर बोल आम्हाला. मला ही भीती खरी वाटते. गोळी रक्तात ब्रँडइतकीच उतरते का ही टेस्ट आपल्याकडे बऱ्याच औषधांना अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, सक्तीची झाली. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, कुठल्या कंपनीचं चालेल? बरेच डॉक्टर एवढं विचारलं की नीट सांगतात.

फिट्सची औषधं, थायरॉईडची थायरॉक्सिन, रक्त पातळ करायचं वॉरफेरिन, लिथियम, यांची कंपनी डॉक्टरांना न विचारता अजिबात बदलू नका, इथे थोडासा फरक पण महागात पडतो.

आणि "जेनेरिक" अशी पाटी दिसली म्हणजे स्वस्तच मिळेल असं नाही, काही स्ट्रिपवर एमआरपी ब्रँडएवढीच छापलेली असते आणि फरक दुकानदाराच्या खिशात जातो, त्यामुळे डिस्काउंट किती विचारण्यापेक्षा गोळी कितीला पडली ते बघा, बिल घ्या, बॅच नंबर त्यावर आहे ना बघा.

बदलल्यावर दोन आठवडे बीपी-शुगर वहीत लिहून ठेवा आणि फॉलोअपला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. आमच्या डॉक्टरांनी ते आकडे बघितले आणि पुढची चिठ्ठी स्वतःहून कंटेंटच्या नावाने लिहिली.