घर सोडताना डिपॉझिट कसं परत मिळवायचं

"देतो की ओ, कुठं पळून चाललोय का?" चावी हातात पडल्यावर घरमालक असं म्हणाला की समजायचं, आता फोन करत बसायची पाळी आपली. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्या सोडल्या तेव्हा माझे पंचवीस हजार असेच पाच महिने अडकले होते. जे उशिरा कळलं ते क्रमानं सांगतो.

सुरुवात घर सोडायच्या महिनाभर आधी. कपाटातला भाडेकरार काढा आणि नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत करायचं, रंगाबद्दल काही लिहिलंय का, एवढं बघा. "सोडताना रंग देऊन द्यावा" ही ओळ असेल आणि खाली तुमची सही असेल, तर वाद घालू नका. ओळच नसेल तर उन्हानं उडालेला रंग ही वापराची झीज. तिचे पैसे डिपॉझिटमधून कापायचं कारण नाही. फुटलेली काच, मोडलेली कडी मात्र तुमच्या अंगावर. नोटीस व्हॉट्सअॅपवर द्या. जिन्यात भेटल्यावर तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

करार नुसता नोटरी केलेला आहे, रजिस्टर नाही? घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती त्यानं केली नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे आवाज न चढवता एकदा कानावर घातलं तरी पुरतं.

डिपॉझिट रोख दिलंय आणि पावती नाही, तर घर सोडण्याआधीच साधा मेसेज टाका: "काका, 25,000 डिपॉझिटमधून लाईट बिल वजा करून किती येतील?" उत्तर काहीही येवो, आकडा त्यांनी नाकारला नाही ना? तो मेसेज जपून ठेवा.

मग सामान हलल्यावर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंती, संडास-बाथरूम, खिडक्या, पंखे चालू करून. आणि नळ! बोअरच्या जड पाण्यानं नळांवर पांढरा थर चढतो, नवा नळसुद्धा वर्षभरात दहा वर्षांचा दिसतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावून अर्धा तास ठेवा, घासा, मग फोटो. लाईटच्या मीटरचं रीडिंग त्याच दिवशी टिपा. महावितरणचं बिल नंतर येणार. मागच्या बिलातलं रीडिंग वजा केलं की तुमची युनिटं निघतात. "बिल आल्यावर बघू" हा टोलवाटोलवीचा सगळ्यात जुना मार्ग आहे.

चावी देण्याचा दिवस हाच खरा हिशेबाचा दिवस. मालकाला घरीच बोलवा, एका कागदावर डिपॉझिट, लाईट बिल, बाकीची वजावट आणि उरलेली रक्कम लिहा, दोघांनी सह्या करा, पैसे तिथंच यूपीआयनं घ्या. पैसे आज नाहीत म्हणाले तर तारीख लिहून घ्या. पण चावी अडवून बसू नका. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही ताबा दिला नाही, तर दुप्पट भाडं भरावं लागतं. "चावी मिळाली" असा मेसेज घ्या नि निघा. शेवटचे दोन महिने भाडंच थकवायचं, ही आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. मालक मेसेजवर हो म्हणाला तरच करा.

तारीख उलटली की लेखी मागणी: रक्कम, घर सोडल्याची तारीख, पंधरा दिवसांची मुदत. ती स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा. वकील सवयीनं आरपीएडी (पोचपावतीचं रजिस्टर्ड पोस्ट) म्हणतील, पण रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. पोलीस चौकीत सहसा "ही दिवाणी बाब आहे" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीच्या, तडजोडीचा अर्ज करा. महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तेही फसलं तर दिवाणी दावा, त्यासाठी मुदत तीन वर्षं.

माझं पत्र मंगळवारी पोचलं. गुरुवारी फोन आला, "कागद कशाला पाठवता ओ, घरी यायचं की." गेलो. काकूंनी चहा दिला, काकांनी नळांचे तीन हजार कापून बावीस हजार मोजले. त्या नळांचा फोटो माझ्याकडे नव्हता.